सगळ्यांना शिक्षा

साळवेबाईंची खुर्ची कायम दारात असायची. वर्ग कुठलाही असो, ऋतू कुठलाही असो. टेबल बिचारं फळ्यापाशी एकटं, त्यावर खडूचा डबा आणि डस्टर, आणि बाई मात्र उंबऱ्यालगत खुर्ची टाकून अर्ध्या वर्गाकडे, अर्ध्या मैदानाकडे तोंड करून बसलेल्या. आत-बाहेर करणाऱ्याला "बाई, जरा" म्हणून वाट मागावी लागायची. मग त्या खुर्चीसकट किंचित सरकायच्या आणि तो माणूस गेला की पुन्हा जागेवर यायच्या. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं, बाईंना उकडत असेल. पुढे पौषातल्या थंडीत त्यांना शाल पांघरून वाऱ्याच्या तोंडावर तसंच बसलेलं पाहिलं आणि तो तर्क सोडून दिला.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून ओळखीची आहेत आणि त्यांतली बरीचशी लवकर रागावतात. शिरूर तालुक्यातलं, सणसवाडीच्या कारखान्यांपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव, एवढं पुरे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत उपशिक्षक म्हणून रुजू झालो. मी दौंडचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. शाळेत आम्ही तिघंच. साळवेबाई मुख्याध्यापिका, काशीद गुरुजी नावाचे एक भले, पण हातातली छडी कधी खाली न ठेवणारे शिक्षक, आणि मी.

बाई ठेंगण्या, सावळ्या. सुती पातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, खांद्याला पिशवी आणि हातात काळी छत्री. ही छत्री बारा महिने. उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी आणि थंडीत कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कुत्री हायेत की वाटंला." पिशवीत कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचं. पोरं टोक मोडलेल्या पेन्सिली घेऊन दाराशी रांग लावायची आणि बाई एकीकडे पाढे म्हणवून घेत घेत पेन्सिलींना टोकं काढून द्यायच्या. टोक काढायचं यंत्र शाळेत आलं होतं, पण ते पेन्सिल खातं असं त्यांचं मत होतं. पेन्सिलीचं टोक लांब आणि बारीक आलं पाहिजे यावर त्यांचा एवढा कटाक्ष, की मला वाटायचं, निम्मं शिक्षण या बाईंच्या मते पेन्सिलीच्या टोकातच आहे.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. एरवी त्या आमच्या गावाकडचं बोलायच्या, हाय-न्हाई, व्हय, तवा-जवा सगळं. मला "जगताप, इकडं ये रे" म्हणायच्या. पण चिडल्या की शुद्ध बोलायच्या. "जगताप सर, आपल्याला वेळ असेल तर जरा येता का?" असं कानावर आलं की मी हातातलं काम टाकून धावायचो. पोरांनाही हे पक्कं माहीत होतं. बाईंनी एखाद्याला "आपण काल कुठे होतात?" असं विचारलं की ते पोरगं उत्तर देण्याआधीच रडायला लागायचं. छडीची गरज त्यांना कधी पडली नाही. काशीद गुरुजींना याचं आश्चर्य वाटायचं, आणि थोडा मत्सरही.

एका शब्दाची तर त्यांना फारच चीड. काशीद गुरुजी एका मुलाला सहज 'ढ' म्हणाले. बाई दारातल्या खुर्चीवरून उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि मोठ्ठा ढ काढला. "गुरुजी, हे अक्षर आहे," त्या शुद्धात म्हणाल्या. "ढगाचा ढ, ढोलाचा ढ. हे पोरगं नव्हे." दिवसभर तो ढ त्यांनी पुसू दिला नाही. गुरुजींनी त्याच्या बाजूच्या उरलेल्या जागेत कसंबसं गणित उरकलं.

मी आलो तेव्हा गाव बदलत होतं. आधी आमच्या शाळेत मुलं यायची ती ठरलेल्या घरांतली. मेंढपाळी सोडून शेतीला लागलेल्या धनगरांची, मराठ्यांची, बौद्धवस्तीतली. कोण कुणाचा भाऊ आणि कोण कुणाचा पुतण्या हे हजेरी घेतानाच कळायचं. कारखाने वाढले तशा रस्त्याकडेच्या शेतांत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांत बिहारचे, उत्तर प्रदेशचे, मराठवाड्यातले, कुठले कुठले कामगार आले आणि मागोमाग त्यांची बायकापोरं. ही पोरं शाळेच्या कुंपणाला धरून आत बघत उभी राहायची. त्याच सुमारास गावातल्या बऱ्या घरांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायला लागली होती. आमचा पट, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या, उतरायला लागला होता आणि पट उतरला की शिक्षकाचं पद जातं. आमच्यात सगळ्यांत नवा मी. तेव्हा खरं सांगायचं तर माझी नोकरी त्या कुंपणाला धरून उभ्या राहिलेल्या पोरांनी वाचवली.

गाव त्यांना 'बाहेरची' म्हणायचं. आम्हीही म्हणायचो. बाई एकदाच म्हणाल्या, "बाहेरची म्हंजी कुठल्या दाराच्या बाहेरची?" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत, पण पुढंही काही बोलल्या नाहीत. बोलण्याऐवजी त्या सुट्टीत कुंपणापाशी जायच्या आणि नाव विचारायच्या, बापाचं नाव विचारायच्या आणि हात धरून आत आणायच्या. जुन्या शाळेचा दाखला कुणाकडेच नसायचा. बाई म्हणायच्या, पोरगंच दाखला हाय.

रिंकीला मात्र तिचा बाप स्वतः घेऊन आला. रामप्रवेश त्याचं नाव, कारखान्यात प्रेस मशीनवर काम करायचा. रात्रपाळी करून तसाच आलेला, केसांना तेल लावून भांग पाडलेला. पोरगी त्याच्या मागं लपलेली. आम्ही तिघंही व्हरांड्यात होतो. तो हात जोडून म्हणाला, "मैडम, इसको शिक्षा दीजिए।"

काशीद गुरुजींनी पोरीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "काय केलंय तिनं?"

बाप गोंधळला. त्यानं पुन्हा हात जोडले, पुन्हा तेच म्हणाला आणि वर, अच्छी शिक्षा दीजिए, हम तो अनपढ रह गए, असंही म्हणाला. गुरुजींच्या डोळ्यांत आता कीव आली. एवढी चिमुरडी, आणि बाप भल्या सकाळी शिक्षा द्यायला घेऊन येतो, म्हणजे घरी हिचं काय होत असेल! मी रेल्वे क्वार्टर्समध्ये निम्म्या देशाच्या पोरांबरोबर गोट्या खेळलेलो. म्हणालो, गुरुजी, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शिकवा म्हणतोय तो.

बाई एवढ्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग रिंकीला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या बापाला म्हणाल्या, "देऊ की. रोज देऊ."

तेव्हापासून तो बाईंचा परवलीचा शब्द झाला. प्रार्थना संपली, पोरं वर्गात गेली की छत्री खुंटीला अडकवून त्या म्हणायच्या, "चला, शिक्षा द्यायला." सुटीनंतर गप्पा मारत रेंगाळलो की, "जगताप, शिक्षा कोण देणार, तुझा बाप?" पोरांनाही मजा वाटायची. गावातली पोरं बाईंना येताना पाहून ओरडायची, "बाई आल्या, शिक्षा आली!" आणि त्यांच्यात रिंकीचा आवाज सगळ्यांत वरचा. तिच्या लेखी त्यात विनोद असा काही नव्हताच. बाई तिच्या भाषेतला शब्द बोलतात एवढंच तिला कळत होतं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान!

सहल दरवर्षी चालत वढूला. संभाजीमहाराजांच्या समाधीचं दर्शन झालं की झाडाखाली गोल करून बसायचं आणि बाईंच्या नियमाप्रमाणे प्रत्येकानं डब्यातलं काहीतरी मधल्या फडक्यावर ठेवायचं. कुणाचं काय ते नंतर ओळखू येत नसे. रिंकीनं लिट्टी ठेवली होती, कणकेचा भाजलेला गोळा. कोळप्यांच्या नातवानं ती फोडून खाल्ली आणि म्हणाला, ही तर आमची आज्जी चुलीतल्या हारावर भाजायची तसली हाय. बाईंनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. त्यांना एखादी गोष्ट फार आवडली की त्या काही बोलत नसत, फक्त भुवया उडवत.

हे कोळपे म्हणजे ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष कोळपे आबा यांचं घर. आबा उंच, पांढऱ्या मिशांचे, शब्दाला पक्के. बाप मेंढ्या राखायचा. आबांनी विहीर पाडली, बागायत केली आणि कारखाने आल्यावर रस्त्याकडेला खोल्या बांधल्या. रामप्रवेश त्यांचाच भाडेकरू.

बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना तालुक्यात शाळांच्या गुणवत्ता तपासणीची टूम निघाली. बाहेरचे अधिकारी येणार, मुलांचं वाचन, लेखन, गणित तपासणार आणि शाळेला श्रेणी देणार. अ, ब, क, ड. ज्या शाळेला अ, तिच्या मुख्याध्यापकाचं नाव आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी पुढं जाणार, असं आमच्या केंद्रप्रमुखांनी सांगितलं. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब. माणूस वाईट नव्हता. बाईंना हा पुरस्कार मिळावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि बाईंना? बाईंनाही हवा होता. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण तपासणीची बातमी आली त्या आठवड्यात त्यांनी फळ्याला स्वतः काळा रंग दिला आणि आल्यागेल्याला तो दाखवला.

अडचण एकच होती. गावातली मुलं वाचनात तयार होती. खोल्यांमधली मुलं मराठीत अजून चाचपडत होती. काही तर महिन्यापूर्वी आलेली. त्यांचे गुण धरले की आमची अ गेली.

समितीच्या बैठकीत केंद्रप्रमुखांनी तोडगा काढला. त्या दिवशी ही मुलं घरी राहू द्यायची. दाखले नाहीतच, तेव्हा नावं कच्ची म्हणता येतील. शेजारच्या गावानंही तेच ठरवलंय. एका दिवसाचा तर प्रश्न. सगळ्यांनी माना डोलावल्या. काशीद गुरुजींनीही डोलावली आणि मी खाली बघितलं. आबा म्हणाले, "बाई, भाडेकरू माझेच हायेत, मी काय त्यांचा दुश्मन न्हाई. पर शाळा गावाची हाय. तिचं नाव व्हावं आसं आमाला वाटणारच की."

बाई चिडल्या असत्या तर शुद्ध बोलल्या असत्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी आबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, आबा, तुमची शाळा कुठली?

आबांना सहीपुरतं येतं हे साऱ्या गावाला माहीत. मला वाटलं, आता भडका उडणार. पण आबा हसले. म्हणाले, आमची कसली शाळा, आमी मेंढरामागं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला माघारी. आणि मग, कुणी विचारलं नसताना, ते पुढं बोलले. "एका गावात आईनं मास्तरापाशी नेलं हुतं मला. मास्तरनं इचारलं, तुमचा कळप किती दिस हाय हितं? आई म्हणली, चार दिस. म्हणला, मग चार दिसासाठी नाव कशाला घालू? माझा निकाल खराब व्हईल."

बाईंनी आबांपुढं चहाचा कप सरकवला.

"त्या मास्तरांचा निकाल चांगला लागला आसंल त्या वर्षी," त्या म्हणाल्या.

आबांनी चहा घेतला नाही. उठताना एवढंच म्हणाले की तुमाला काय करायचं ते करा, पण श्रेणी गेली तर गाव मला विचारील. बैठक तशीच अर्धवट संपली.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी खोल्यांवर निरोप गेला, की उद्या तुमच्या मुलांना सुट्टी. निरोप कुणी दिला ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. सकाळी पहिल्या एसटीनं बाई आल्या, तेव्हा मी त्यांना थांब्यावरच ही बातमी दिली. त्या तशाच शाळेच्या उलट दिशेला, खोल्यांकडे चालायला लागल्या. छत्री काखेत, चाल अशी की मला जवळजवळ पळावं लागलं.

खोल्यांपाशी पोचलो तर आबा आधीच तिथं. हातात काठी, डोक्याला फेटा, आणि एकेका दारावर काठी आपटत त्यांचं हिंदी चाललेलं. "ए, इस्कूल को सुट्टी न्हाई हाय! पोरं काढो भाइर! आंघोळ घालके काढो!" बायका घाईघाईनं पोरांची तोंडं धूत होत्या. रामप्रवेश बनियनवर उभा राहून रिंकीची वेणी घालत होता, कारण तिच्या आईचा हात धाकट्यात अडकलेला. आम्हांला बघून आबांनी मान दुसरीकडे वळवली. बाईंनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

तर अशी सगळी पोरं वर्गात. खोल्यांतली आणि गावातली, एकाआड एक बसवलेली. बाईंची खुर्ची दारात. तपासणीचे साहेब आले तेव्हा त्यांनाही "बाई, जरा" म्हणूनच आत यावं लागलं.

साहेब दुसऱ्या तालुक्यातले, चष्मेवाले, शांत. वाचन झालं, गणित झालं. गावातली पोरं फडाफडा बोलली. खोल्यांतल्यांपैकी काही अडखळली, काही नुसतीच उभी राहिली. साहेब कागदावर टिपून घेत होते. मग त्यांनी एका राजाची गोष्ट वाचून दाखवली आणि तोंडी प्रश्न विचारायला लागले. शेवटचा प्रश्न असा की शिक्षा कोणाला द्यायला हवी?

गावातल्या पोरांनी हात वर करायच्या आत रिंकी उभी राहिली. तिचा हात एवढा ताणलेला की ती टाचा उचलून उभी होती. बाकी प्रश्नांत तिला फारसं कळलं नव्हतं, पण हा शब्द तिचा होता.

"सगळ्यांना," ती म्हणाली.

पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळ्यांना? का बरं?"

"गरीब को भी. मुलीला पण." तिनं दारातल्या बाईंकडे बोट केलं. "बाई आमाला रोज शिक्षा देते."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी काशीद गुरुजींच्या हातातल्या छडीकडे पाहिलं. गुरुजींनी ती पाठीमागं नेली, त्यामुळं प्रकरण आणखीच संशयास्पद दिसायला लागलं. साहेबांनी विचारलं, रोज? रिंकी म्हणाली, रोज, फक्त रविवारी नाही. मी खुलासा करायला पुढं झालो, पण बाईंनी बसल्या जागेवरून हात करून मला थांबवलं.

"रिंकी," त्या म्हणाल्या, "शिक्षा म्हंजी काय गं?"

रिंकीला हा प्रश्न फारच सोपा वाटला. "लिहायचं. वाचायचं. मग घरी जाऊन अम्मा को सिखानेका."

साहेबांना उमगलं. ते हसले, मनापासून हसले, आणि रिंकीला शाबास म्हणाले. मग कागदाकडे पाहून, थोड्या अपराधी सुरात, बाईंना म्हणाले की उत्तर मात्र चूक धरावं लागेल.

"धरा की साहेब," बाई म्हणाल्या. "प्रश्न मराठीतला हाय. पर चूक तिची न्हाई, माझी हाय. हा शब्द मीच रोज तसा वापरते. तेवढं ध्यानात ठेवा."

ध्यानात ठेवायला कागदावर रकाना नव्हता. आम्हांला ब मिळाली. शेजारच्या गावाला अ, आणि तिथल्या मुख्याध्यापकांचं नाव पुढं गेलं. आमच्या पारावर काही दिवस कुजबुज झाली, की बाईंच्या हट्टापायी गेली. आबांनी ती एका वाक्यात मिटवली. चहाच्या टपरीवर कुणीतरी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "ब म्हंजी बाईंचा ब. आमाला चालतोय."

निकाल कळला त्या संध्याकाळी मी बाईंबरोबर थांब्यापर्यंत चालत गेलो. एसटीला वेळ होता. मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण त्या वयात तसलं काही सुचत नाही. शेवटी सरळ विचारलं, बाई, वाईट वाटलं का?

"वाटलं की," त्या म्हणाल्या. "लई वाटलं. मला पायजे हुता तो पुरस्कार. आईला दावला आसता."

त्यांची आई तेव्हा हयात होती, यवतच्या बाजूच्या एका खेड्यात. छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत बाई मग आपल्या शाळेविषयी बोलल्या. मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि नंतर पुन्हा कधी ऐकलं नाही. त्यांना आणि त्यांच्या वस्तीतल्या पोरांना वर्गात येऊ देत नसत. उंबऱ्याच्या बाहेर, व्हरांड्यात बसायचं. दाराच्या चौकटीतून फळ्याची एकच बाजू दिसायची. डावीकडं लिहिलेलं कधी दिसलंच नाही. त्यामुळं पाढ्यांची उत्तरं पाठ व्हायची, पण कशाला कशानं गुणलं ते कळायचं नाही. घरी येऊन त्या आणि त्यांचा भाऊ उलटं शोधत बसायचे, की हे उत्तर कशाचं असेल.

सांगताना त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही.

"म्हणून दारात बसता?" मी विचारलं.

"दारात बसलं की मागं कुणी ऱ्हायलंय का ते दिसतं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात एसटी आली आणि त्या पदर खोचून चढल्या.

निवृत्तीच्या दिवशी गावानं सत्कार केला. शाल, नारळ, आबांचं छोटं भाषण. त्यात ते दोनदा अडखळले आणि शेवटी, बाई, आमच्या नातवंडांना विसरू नका, एवढं म्हणून बसले. बाई निघाल्या तेव्हा पोरांनी दाराशी इतकी गर्दी केली की त्यांनाच "जरा, जरा" म्हणत वाट काढावी लागली. खुर्ची आम्ही नंतर टेबलापाशी नेऊन ठेवली. नव्या मुख्याध्यापकांना दारातला वारा सोसत नव्हता.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी त्याच शाळेत राहिलो. रामप्रवेश कारखान्यात कायम झाला, आबांच्या खोलीतून स्वतःच्या दोन खोल्यांत गेला. रिंकी सातवीनंतर पुढच्या गावातल्या हायस्कुलात जायला लागली आणि माझ्या नजरेआड झाली. मग एका जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, पंजाबी ड्रेस घातलेली, खांद्याला पर्स लावलेली एक मुलगी सायकलवरून उतरली. कॅरिअरवर एक लहान पोरगी. तिच्या धाकट्या भावानंतरची, सगळ्यांत शेवटची बहीण. ही रिंकी, हे मी ओळखेपर्यंत ती बोलायला लागली होती आणि बोलत होती ते आमच्या गावचं मराठी, अस्सल. बारावी झाली, आता बालवाडीचा कोर्स करतेय, आबांची तब्येत बरी न्हाई म्हणून कालच बघून आले. सगळं सांगून झाल्यावर तिनं बहिणीला पुढं केलं.

"सर," ती म्हणाली, "हिला शिक्षा द्या. बाई देत हुत्या तशी."

आणि ती हसली. मीही हसलो, पण जरा उशिरानं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत दौंडला घरी गेलो, तेव्हा बाईंना भेटायला गेलो. त्या मुलाकडे राहत होत्या, रुळांच्या पलीकडच्या एका गल्लीत. घर विचारावं लागलं नाही. दारात खुर्ची होती आणि खुर्चीत बाई. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. गल्लीतली दोन-तीन पोरं पायरीवर बसून पेन्सिलींची टोकं काढून घेत होती. मला बघून त्या म्हणाल्या, "जगताप, लई वाळलास रे," आणि आत जायला वाट देण्यासाठी किंचित सरकल्या. मी आत गेलो नाही. पायरीवरच बसलो.

शाळेचं सगळं विचारून झालं. पट केवढा, काशीद गुरुजी कसे, फळ्याला रंग कधी दिला. आबांच्या आजारपणाचं ऐकून त्यांनी दवाखाना कुठला ते विचारलं. मग मी त्यांना रिंकीची गोष्ट सांगितली. सायकल, पर्स, धाकटी बहीण, आणि ते वाक्य जसंच्या तसं.

बाईंच्या हातातलं ब्लेड थांबलं.

"मराठीत म्हणाली का हिंदीत?"

"मराठीत, बाई. हिला शिक्षा द्या, अशी."

"म्हंजी मुद्दाम म्हणाली," बाई म्हणाल्या.

मी हो म्हणालो. त्यांनी भुवया उडवल्या नाहीत. ब्लेड कागदात गुंडाळलं, पेन्सिल ज्याची त्याला दिली, चष्मा काढला. तोंड लपवायला म्हणून त्या माझ्याकडून आत वळल्या. तिथं सून उभी होती, म्हणून पुन्हा बाहेर वळल्या. दारात बसल्यामुळं त्यांना धड कुठलीच बाजू मिळेना. शेवटी त्यांनी पदरच तोंडाला लावला.

"आई, काय झालं?" सुनेनं विचारलं.

"काय न्हाई गं," बाई पदराआडून म्हणाल्या. "शाळेचा निकाल लागला."